नावेची बॅटरी आणि देवाचा दिवा

माझ्या सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला इन्व्हर्टरची भीती वाटते. भीती नाही. मी कशाला भीत नाही, हे थेरगावात कुणालाही विचारा. नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सुताराने बाल्कनीच्या दारापाशी खाली इन्व्हर्टरची बॅटरी आणि बरोबर तिच्या डोक्यावर देव्हारा अशी मांडणी केली होती. जागा वाचते म्हणाला. मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि देव्हारा उतरवल्याशिवाय उठलो नाही. पोरगा समजवायला आला, "बाबा, आताच्या बॅटऱ्या पॅकबंद असतात, काही होत नाही." मी म्हणालो, असू दे पॅकबंद, देव तिकडच्या भिंतीला जाईल. नातू हिंजवडीला जायला कंपनीच्या कॅबची वाट बघत दारात उभा होता, तो हसला. हसू दे. त्याला सांगत बसलो नाही, कारण ही गोष्ट उभ्या उभ्या सांगायची नाही. म्हणून बसून लिहितोय. शाळेत फार गेलो नाही, पण जे डोळ्यांनी बघितलंय ते लिहायला शाळा लागत नाही.

आमचं घर नाववाल्यांचं. आज जिथं नदीकाठाला बिल्डिंगींच्या भिंती लागल्यात, तिथं पवनेच्या उतारावर आमची दोन खणांची खोली, मागं गोठा, गोठ्यात एक म्हैस. समोरच्या काठाला चिंचवड, त्याच्या पलीकडं कंपन्या. आमच्या काठावरच्या वाड्या-वस्त्यांतली माणसं कंपनीत लागायला लागली होती आणि पावसाळ्यात बंधारा बुडाला की त्यांना पलीकडं न्यायला आबांची नाव. आबा म्हणजे आमचे वडील. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी, अजून दिसत नाही अशा वेळी, माणसं डबे घेऊन काठावर येऊन उभी राहायची. भाकरीचा, चटणीचा आणि ओल्या घोंगडीचा वास एकत्र यायचा. आबा मागं बांबू घेऊन उभे, मी वल्ह्यावर, आणि पुढच्या टोकाला आमची आक्का. शेवंता तिचं नाव, माझ्याहून मोठी. तिच्या हातात जीपचा जुना हेडलाइट, लाकडी दांड्याला तारेनं आवळलेला. पुरात वाहून येणारी झाडं, मेलेली जनावरं, बंधाऱ्याचे बुडालेले दगड, सगळं तिला आधी दिसायचं. "आबा, डावीकडं घ्या," ती म्हणायची आणि आबा घ्यायचे. दुसऱ्या कुणाचं आबांनी आयुष्यात ऐकलं नाही. चालत्या नावेत सगळ्यांची मापं काढणं हेही तिचंच काम. "काय भाऊ, ओव्हरटाइम मिळाला का नुसती झोप काढून आलात?" असं म्हणाली की सगळी नाव हसायची, आणि ज्याला म्हणाली तोही.

त्या हेडलाइटला बॅटरी लागायची. ट्रकची बॅटरी, काळी, मडक्यापेक्षा जड, वरून डांबर ओतून बंद केलेली आणि त्यात सहा टोपणं. नावेत आबांच्या पायाशी फळीवर ती बसायची, वर पोत्याचं पांघरूण. बाळंतिणीला जपावं तसं आबा तिला जपायचे. नाव काठाला लागली की आधी बॅटरी उतरायची, मग माणसं, असा त्यांचा नियम होता आणि त्यावरून कितीतरी जणांशी भांडण झालं. घरी आणली की जमिनीला टेकवायची नाही. जमीन तिच्यातला करंट ओढते असं आबांचं म्हणणं. ते खरं का खोटं मला ठाऊक नाही, पण घरात जेवायला बसायचे दोन पाट होते, त्यातला एक बॅटरीला गेला आणि आबा त्यानंतर पोत्यावर बसून जेवले. टोकांवर पांढरं-हिरवं साठलं की आई भजीतला सोडा पाण्यात कालवून द्यायची, तो ओतला की फसफसून सगळं निघून यायचं. मग वरून ग्रीस. आतलं पाणी कमी झालं तर विहिरीचं नाही, नदीचं नाही, नळाचं तर नाहीच. पावसाळ्यात उघड्यावर काचेची बरणी ठेवून थेट आभाळातलं पाणी धरायचं आणि बाटल्यांत भरून बूच लावून ठेवायचं, ते. कौलांवरून आलेलंही चालत नसे. आईला याचा राग होता. म्हणायची, "देवाला नदीचं पाणी चालतं, हिला आभाळातनं उतरवावं लागतंय. म्हाराणी!"

हे सगळं आबांना कासारवाडीच्या वस्तादानं शिकवलं होतं. स्टेशनच्या बाजूला त्याचं चार्जिंगचं दुकान, दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, आत बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्यांची टोपणं उघडी, आणि वस्तादाची पँट ॲसिडनं चाळणी झालेली. तो मराठवाड्याकडचा, बोलायला मोठा, कामाला आळशी. आज दे म्हटलं की परवा या म्हणायचा. मी सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून न्यायचो, आडवी होऊ न देता, आणि दोन दोन दिवस नाव दिव्याशिवाय चालायची. शेवटी आबांनी वैतागून त्याच्याकडूनच एक जुना चार्जर उचलून आणला, पत्र्याचा डबा, लावला की भुंग्यासारखा घूं घूं करायचा. घरात लाईट होती, पण प्लग एकच. तो देव्हाऱ्याच्या शेजारी. झालं, बॅटरीचा पाट देवापुढं आला. वस्तादानं चार्जर देताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. "भरायला लावायलाव तेव्हा टोपणं काढून ठेवायची. आतनं वाफ निघती. त्या वाफंला आग दिसली न पाहिजे, बिडी-काडी काय जवळ आणायची न्हाई. समजायलंय का?"

आबांना इतकं समजलं होतं की त्यापायी माणसं तोडली. एकदा भर नदीत एका फिटरनं बिडी पेटवली. आबांनी बांबूचं टोक पाण्यातून काढून त्याच्या तोंडासमोर धरलं.

"टाक."

"आबा, बिडीच हाय, तोफ न्हाई."

"आजच भरून आणलीय. टाक न्हाईतर उतर."

"उतरू कुठं राव, मधी नदीत?"

"मग टाक."

"टाका वो भाऊ," आक्का पुढून म्हणाली, "मासे ओढतील. त्यांना कुठं मिळतीय कंपनीची बिडी."

त्यानं टाकली. आमच्या चुलत्यानं नाही टाकली, तर तो पुढं आमच्या उंबऱ्याला पाय लावेनासा झाला. ओसरीवर कुणी बिडी घेऊन आलं की आई आतून ओरडायची, चूल बॅटरीपासून लांब पार कोपऱ्यात नेली होती, काडेपेटीही चुलीपाशीच. एवढी काळजी त्या घरात घेतली जात होती, हे मी मुद्दाम लिहितो. उद्या कुणी म्हणायला नको की अडाणी माणसं, त्यांना कळत नव्हतं. कळत होतं. पण बिडी ही आग असते आणि देवापुढचा दिवा हा उजेड असतो, हे आमच्या रक्तात होतं. त्याला आग म्हणायचं आमच्यात कुणाच्या जिभेवर आलंच नसतं.

दसऱ्याच्या सुमाराला पाणी उतरायला लागायचं. दिवाळीनंतर बंधारा उघडा पडला की माणसं त्यावरून चालत जायची आणि नाव काठावर ओढून दगडांवर पालथी घातली जायची, ती पुढच्या पावसापर्यंत. नावेला हिवाळ्यात काम नसतं, पण बॅटरीला तसं सोडून चालत नाही. उपाशी ठेवली की तिच्या आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडतात, आणि एकदा पडल्या की मग किती भरा, धरत नाही. म्हणून आबांनी अमावास्येचा नेम धरला होता. आमच्याकडं दर अमावास्येला नावेपुढं नारळ फुटायचा, तो हिवाळ्यातही पालथ्या नावेपुढं फुटायचा, आणि त्याच दिवशी बॅटरी चार्जिंगला लागायची. अमावास्या कुणी विसरत नाही, म्हणून बॅटरीही कुणी विसरत नसे.

त्या वर्षी खंडेनवमीला आबांनी ठरवलं की पूजेला बॅटरी भरलेली पाहिजे. रिकामं हत्यार पुजायचं नसतं म्हणाले. आदल्या दिवसापासून चार्जर घूं घूं करत होता. सकाळी आईनं पुरण घातलं होतं, कटाच्या आमटीचा वास सगळ्या उतारावर गेला होता. वल्ही, बांबू, हेडलाइट, कोयता, आईची विळी, वरवंटा, सगळं धुऊन देव्हाऱ्यापुढं मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. बॅटरी पाटावर होतीच. आबांनी चार्जरचा प्लग काढला, वायरी बाजूला केल्या, आणि तिलाही माळ घातली. टोपणं उघडीच होती. निवली की लावायची, असं रोजचंच होतं. खोलीला खिडकी नाही, दार वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून लोटून घेतलेलं. आबांनी घंटा उचलली, आरती सुरू केली. आईनं ताट आक्काच्या हातात दिलं, कारण नावेचं हत्यार आणि नावेवर दिवा धरणारी ती. आक्कानं देवाला ओवाळलं, वल्ह्याला ओवाळलं, मग वाकून बॅटरीला ओवाळलं. निरांजन खाली आलं.

आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला. आईला वाटलं, पोरांनी बाहेर फटाका लावला. मी दाराशी होतो, मला आधी नुसता धूर आणि डांबराचा वास आला. बॅटरीचं वरचं झाकण उडून देव्हाऱ्याला लागलं होतं, खंडोबाचा टाक खाली पडला होता आणि आक्का दोन्ही हात चेहऱ्यावर धरून उभी होती. ओरडत नव्हती. "किसना, काय झालं रं? काय झालं?" एवढंच विचारत होती. तिच्या लुगड्याला जिथं जिथं थेंब पडले होते तिथं कापड विरघळत होतं. आई तुपाचा डबा घेऊन धावली. शेजारची बाई आली, ती म्हणाली हळद भरा. मी कुणाचं ऐकलं नाही. वस्तादाच्या टपरीत मी एकदा त्याच्या मनगटावर ॲसिड सांडलेलं बघितलं होतं आणि त्यानं काय केलं तेही. मी आक्काला कमरेला धरून उचललं आणि उतारावरून नदीकडं पळत सुटलो. पाण्यात शिरलो आणि तिचं डोकं धरून पाण्याखाली घातलं. वर काढलं, परत घातलं. ती हातपाय झाडायला लागली, मला ओरबाडलं. काठावर माणसं जमली.

"अरं सोड तिला, जीव घेतोस का पोरीचा!"

"डोळं उघड आक्का! पाण्यात उघड!"

"न्हाई उघडत..."

"उघड म्हंतो ना!"

मी बोटांनी तिच्या पापण्या उघडल्या आणि नदी तिच्या डोळ्यांत जाऊ दिली. आणि या सगळ्यात मला एक आवाज येत होता, टण टण टण, थांबत नव्हता. आबा आमच्या मागून धावत आले होते, गुडघाभर पाण्यात उभे होते, आणि त्यांच्या हातात अजून घंटा होती. आरती अजून संपली नाही तशी ती वाजत होती. कुणीतरी पुढं होऊन ती त्यांच्या मुठीतून काढून घेतली तेव्हा कुठं ती थांबली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेला. उजवा राहील, पण धुक्यातून बघितल्यासारखं दिसेल. पाण्यात धरलं म्हणून तेवढा तरी राहिला, असंही म्हणाले. काठावर मला शिव्या देणारे त्यानंतर माझ्याशी नीट बोलायला लागले, पण मी त्यांच्याशी बोललो नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा पुरणाच्या पोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. आबांनी त्या म्हशीला घातल्या. मग समई आणि ते निरांजन उचललं, धुडक्यात बांधलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. देवापुढं एक लहान तांबडा बल्ब लावला. दिवाळी आली, समोरच्या काठावर पणत्यांच्या रांगा, पाण्यात त्यांची पडछाया, आणि आमच्या दारात काही नाही. आई रडली, भांडली. "सणासुदीला देव अंधारात ठेवता व्हय?" आबा म्हणाले, "बल्ब हाय की." आक्काला बघायला चाकणकडचे पाहुणे यायचे होते दिवाळीनंतर, त्यांचा निरोप आला नाही आणि आम्हीही विचारायला गेलो नाही.

पण ते सगळं चाललं असतं. न चालण्यासारखं होतं ते वेगळंच. आबा आक्काशी बोलेनात. रागानं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. तिच्याकडं बघवतच नव्हतं त्यांना. ती ओसरीवर आली की हे उठून गोठ्यात, ती गोठ्याकडं आली की हे काठाला. घरातलं पहिलं नाव जे त्यांच्या तोंडात असायचं, "शेवंते, पाणी दे, शेवंते, बघ कोण आलंय," ते नाव बंद झालं. आक्का चेहऱ्याला पट्टी बांधून भिंतीला टेकून बसायची आणि पायांच्या आवाजावरून आबा कुठं आहेत ते धरत राहायची. एकदा मला म्हणाली, "किसना, डोळ्याचं जाऊ दे. आबांनी एकदा हाक मारली तर मी उठंन." तिला एवढंच हवं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या घरात दुसरं काही घडायचं राहिलं नव्हतं, तेवढंच राहिलं होतं.

कार्तिकात आबा सायकलवरून काहीतरी घेऊन आले. पोतं काढलं तर तीच बॅटरी. वस्तादानं टोपणांखालची फुटलेली दोन घरं बदलून दिली होती, वरून नवं डांबर ओतलं होतं. आई दारात आडवी झाली.

"ही अवदसा उंबऱ्याच्या आत आली तर मी नदीला जाईन. सांगून ठेवते."

"पावसाळ्याला दिवा लागंल," आबा म्हणाले.

"कुणाच्या हातात देणार वो दिवा? कोण धरणार?"

आबा उंबऱ्याबाहेरच उभे, बॅटरी छातीशी धरून. आतून आक्काचा आवाज आला, "आये, गोठ्यात ठेवू दे. म्हशीला काय बिडीकाडी लागत न्हाई." आई तोंडाला पदर लावून आत गेली. मला तेव्हा हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली. बॅटरी गोठ्यात गेली, पाटावर. मी घरातून वायर ओढून दिली.

पुढच्या अमावास्येला आबांनी चार्जर लावला आणि लगेच काठाला निघून गेले. आक्का म्हणाली, "मला गोठ्यात ने."

"कशाला?"

"तिचं न माझं बोलायचं राहिलंय."

मी नेलं. ती पाटाशेजारी उकिडवी बसली, कान जवळ नेला. मी भ्यालो, मागं ओढायला लागलो. "सोड रं," म्हणाली, "काडी न्हाई, बिडी न्हाई, दिवा तर घरातच न्हाई. आता कशानं उडंल?" मग तिनं ऐकलं. आधी काही नसतं, नुसता चार्जर घूं घूं करतो. मग कितीतरी वेळानं आत बारीक आवाज सुरू होतो, भाताला आधण यायच्या आधी भांडं बोलतं तसा. सगळी सहा घरं सारखी उकळायला लागली की भरली. वस्तादाकडं त्यासाठी काचेची नळी होती, आत गोळा तरंगायचा. आक्काला ती नळी दिसली नसती, तिनं तिचा कान लावला. "तिसरं घर अजून झोपलंय," म्हणायची. तिसरं घर म्हणजे नव्या घातलेल्यांतलं एक. खरंच ते मागं असायचं. त्या दिवसापासून बॅटरी तिची झाली. टोपणं उघडणं, बोट न घालता पाण्याची पातळी काडीनं बघणं, बाटलीतलं पावसाचं पाणी थेंब थेंब सोडणं, सोड्यानं टोकं धुणं. अमावास्या ती बोटांवर मोजायची, पंचांगात बघायचीही गरज नव्हती तिला.

आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी अडवलं नाही. पण बोललेही नाहीत. गोठ्याच्या दाराबाहेर दगडावर बसायला लागले. आत आक्का, बाहेर आबा, मध्ये कुडाची भिंत, आणि मी.

"किसना, आबांना सांग, तिसऱ्या घरात पाणी उतरलंय."

आबांनी ऐकलेलं असायचंच. तरी माझ्याकडं बघून म्हणायचे, "तिला म्हणावं, पट्टी बुडंल एवढंच घाल. जास्त नको."

"आबांना सांग, बाटली संपत आली."

"तिला म्हणावं, फळीवर अजून एक हाय."

एकदा मी वैतागून म्हणालो, "मी काय तुमचा तारमास्तर हाय का? इथनं तिथं चार हात न्हाईत!" आत आक्का हसली. नावेत हसायची तशी. मी आबांकडं बघितलं. ते दगडावरून उठले होते, कुडाला हात लावून उभे होते, तोंड उघडलं होतं. मला वाटलं, आता मारतात हाक. मग खोकला आला आणि ते वळून काठाला गेले.

खोकला पौषापासूनच होता. माघात छातीत घर केलं. तरी त्यांनी पालथ्या नावेला डांबर लावलं, एकटं, मला हात लावू न देता, आणि धुरानं खोकत बसले. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणायचे, तिथं मी परत जात नाही. हट्टी होते. माझा हट्ट त्यांच्याकडूनच आलाय आणि मला त्याचा कमीपणा नाही. पण तो हट्ट त्या वेळी कुणीतरी मोडायला हवा होता, आणि ज्या एका माणसाचं ते ऐकायचे तिच्याशीच ते बोलत नव्हते. आक्का ओसरीतून म्हणायची, "किसना, आबांना सांग, डॉक्टरला दाखवा." ते म्हणायचे, "तिला म्हणावं, बॅटरी बघ."

शिमग्याच्या आधीची अमावास्या. आबा आता उठत नव्हते, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेले. सकाळपासून गोठ्यात चार्जर चालू होता. दुपारी त्यांनी मला खूण केली. मी वाकलो.

"तिला इचार, भरली का."

मी गोठ्यात जाऊन विचारलं. आक्का कान लावून बसली होती. "सगळी घरं बोलायल्यात," म्हणाली, वस्तादाची नक्कल करून. "तिसरं बी. सांग त्यांना." मी येऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं परत उघडले.

"टोपणं लावायला सांग. घट्ट."

मी सांगितलं. आक्कानं एकेक टोपण बसवलं, पिळून. ती परत येऊन खोलीच्या दारात उभी राहिली. आबांना पायांचा आवाज ओळखू आला असणार, त्यांनी तोंड वळवलं. किती दिवसांनी त्यांनी तिच्याकडं बघितलं ते मला माहीत आहे, तिला माहीत नाही, कारण दाराशी अंधार होता आणि तिच्या डोळ्यांत धुकं. मी सांगायला हवं होतं असं लोक म्हणतील. मी सांगणार होतो, जरा वेळानं. आबा तसेच बघत राहिले आणि ऊन उतरायच्या आधी गेले.

माणसं आली, नेलं, नदीच्याच काठाला सगळं केलं. परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जिथं माणूस गेला तिथं पिठावर दिवा ठेवायचा असतो, तो दहा दिवस विझू द्यायचा नसतो. शेजारणीनं ताटात पीठ पसरलं. घरात दिवा नव्हता. आईनं कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडली, धुडकं सोडलं. निरांजन हिरवं पडलं होतं. आई ते हातात धरून बसली, तिला वात घालवेना. मी पुढं झालो, तर आक्का म्हणाली, "इकडं दे." शेजारीण घाबरून म्हणाली, "तू नको बाई, तू बाहेर बस." आक्कानं ऐकलं नाही. वात घातली, तेल बोटानं चाचपून ओतलं, काडेपेटी मागून घेतली. मग काडी काढून हात थांबवला.

"किसना, बॅटरी कुठंय?"

"गोठ्यात."

"टोपणं?"

"घट्ट हायेत."

"कुणी सांगितलं?"

"तूच लावलीस ना."

"लावायला कुणी सांगितलं म्हंते मी."

"आबांनी," मी म्हणालो. "आबांनी सांगितलं तुला."

तिनं काडी ओढली. वात धरायला वेळ लागला, कापूस जुना होता. धरली. काडी बोटांपर्यंत जळत आली तरी तिनं टाकली नाही, त्या उजेडात आबांच्या रिकाम्या अंथरुणाकडं तोंड करून बसली आणि उजव्या डोळ्यानं दिसत होतं तेवढं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "आबा, दिवा लावलाय."